साडूंनी नापास केलेली भिंत

परमेश्वरानं हे जग तयार करून तपासणीसाठी माझ्या साडूंकडे पाठवलं असतं, तर ते अजून चालू झालं नसतं. समुद्राचं पाणी खारट आहे, डोंगर एका रेषेत नाहीत, दिवस कधी लहान होतो तर कधी मोठा, असे शेरे मारून त्यांनी सगळा माल परत पाठवला असता आणि वर 'सावकाश दुरुस्त करून आणा, घाई नाही' असा निरोप दिला असता. माणसाच्या कमरेबद्दलही त्यांनी नक्कीच काहीतरी लिहिलं असतं, आणि त्या एका शेऱ्याखाली मी आनंदानं सही केली असती. कारण गेल्या वर्षी त्यांच्या लोणावळ्याच्या लाकडी घराची बाहेरची बाजू नीट करताना माझी कंबर जी गेली ती अजून आलेली नाही. डॉक्टर म्हणतात वय झालं. मी त्यांना काही सांगत बसत नाही; साडू ही काय चीज असते हे समजावून सांगायला लागणारी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

चौतीस वर्षं ते उर्सेच्या बाजूला एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रावरून सुटा भाग आला की तो डाव्या तळहातावर घ्यायचा, एक डोळा मिटायचा, अंगठा फिरवायचा आणि तांबड्या खडूनं त्याच्यावर फुली मारायची, हे त्यांचं काम. चांगल्या मालावर काही खूण करायची नसे, त्यामुळे आयुष्यभर त्यांच्या हातून फक्त फुल्याच निघाल्या. ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. साडूंनी ते समारंभातच स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, ते मागे पडतंय असं सांगितलं आणि बदलून आणायला परत केलं. ते घड्याळ पुन्हा आलं नाही. खडूंचा अर्धा खोका मात्र त्यांच्याबरोबर घरी आला, आणि तेव्हापासून आम्हा नातेवाइकांचे दिवस भरले.

माझ्या मुलीच्या लग्नात ऐन अक्षता पडायच्या घाईत ते खुर्च्या उलट्या करून पाय तपासत होते. बाजारात ते दिसले की भाजीवाली मावशी वांग्यांवर ओलं पोतं टाकायची. उपाहारगृहात इडली आली की ते आधी तिला बाजूनं बघायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या इडलीशी तिची उंची ताडायचे. त्या माणसाला त्यानंतर खाववत नसे. मी केस कापून आलो की माझ्या मागे उभे राहून 'डावी बाजू' एवढंच म्हणायचे आणि निघून जायचे. मग मी दिवसभर आरशासमोर. त्यांच्या तोंडून स्तुती म्हणून जास्तीत जास्त 'ठीक' हा शब्द बाहेर पडे, आणि तोही बायकोच्या आमटीला, महिन्यातून दोनदा.

ही बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का सांगते की मुलगी बघायला आले तेव्हा साडूंनी पोह्यांत मीठ कमी आहे हे मोठ्या माणसांसमोर सांगितलं, पाटाचा एक पाय आखूड आहे हे सांगितलं, आणि तिच्याकडे पाहून मात्र काही बोलले नाहीत. तिच्या वडिलांना वाटलं, नकार आला. चार दिवसांनी होकाराचं पत्र आलं. 'यांना आवडलं की हे गप्प होतात,' असं अक्का हसत म्हणते, 'म्हणून तर इतकी वर्षं कळलंच नाही, आवडतंय की ऐकू येत नाहीये.'

लोणावळ्याचं घर त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी घेतलं. दगडी जोत्यावर चार खोल्या, सागवानी चौकट, बाहेरून आडव्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या, आतून पातळ फळ्यांचा पडदा, वर पत्रा, आणि पत्र्याच्या कडेला कोरीव लाकडाची झालर. कुणा जुन्या मुंबईकरानं हवा खायला बांधलेलं. आता आजूबाजूला काचेचे बंगले झाले आहेत, त्यांच्या पोहण्याच्या तलावांत शनिवारी मुंबईची पोरं ओरडत असतात आणि त्यांच्या मधोमध हे घर जरा अंग चोरून उभं आहे. साडूंना ते घर आवडतं की नाही हे मला तीस वर्षांत कळलं नाही. त्याच्याबद्दल ते इतकं वाईट बोलायचे, की आवडत असावं.

लोणावळ्यात पावसाळ्याआधी ज्याची पश्चिमेची भिंत लाकडाची किंवा मातीची आहे तो मुकाट्यानं तिला निळा प्लास्टिकचा कागद बांधतो. तिथला पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून येऊन भिंतीत घुसतो. साडूंनी जन्मात कागद बांधला नाही. त्यांचं म्हणणं असं की कागद बांधला की भिंतीत दोष कुठे आहे ते समजत नाही. हे ते कारखान्यात शिकले होते आणि कारखान्यात ते बरोबरही असेल. घरात मात्र त्याचा परिणाम असा झाला की गेल्याच्या गेल्या आषाढात पश्चिमेच्या भिंतीतून ठिकठिकाणी पाणी आत आलं, गाद्या ओलसर झाल्या, आणि अक्काच्या जुन्या दम्यानं असं डोकं वर काढलं की तिला दहा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ऑक्सिजनची नळी लावलेली अक्का मी पाहिली आहे. ती तेव्हाही हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते बघवत नव्हतं.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, पुण्यात अकराव्या मजल्यावर राहते. ती बापाची मुलगी आहे, मोजकं बोलते. तिनं दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या मेच्या अखेरीपर्यंत भिंत कोरडी राहील अशी झाली तर आई लोणावळ्यात राहील, नाहीतर ती कायमची पुण्याला लेकीकडे येईल. डॉक्टरांनी आणखी एक पाचर मारून ठेवली होती. ओल चालणार नाही तसा रंगाचा वासही चालणार नाही. म्हणजे मेअखेर काम संपायला हवं, आणि पाऊस लागायच्या आत वासही. काम चालू असेपर्यंत अक्का तळेगावला आमच्याकडे येऊन राहिली. मार्चमध्ये आली ती एक छोटी बॅग घेऊन, आणि ती बॅग तिनं शेवटपर्यंत पूर्ण उघडली नाही. लागेल ते वरचं काढायची आणि पुन्हा चेन ओढायची.

आणि मी दर शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाऊ लागलो. मला कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं डबा भरून दारात ठेवला आणि मी समजलो.

जुना रंग खरवडायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलेलं नाही त्याला सांगण्यात अर्थ नाही. पतरी, म्हणजे खरवडायची लोखंडी पट्टी, घेऊन फळीवर वाकायचं, पापुद्रे काढायचे, मग पॉलिश पेपरनं घासायचं, भोकांत आणि फटीत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुटी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. हे एका फळीचं झालं. अशा फळ्या किती आहेत हे मोजायचं मी पहिल्याच रविवारी टाळलं होतं. साडूंनी मोजल्या होत्या आणि मला सांगितल्या. मी खरवडत पुढे सरकलो की साडू मागून यायचे, एक डोळा मिटून अंगठा फिरवायचे, आणि माझ्या पाठीमागे खडूचा कुरकुर आवाज यायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तीन आठवड्यांत मी अर्धी दक्षिण बाजू खरवडली आणि त्यातली निम्मी पुन्हा खरवडली.

रंगाचं तर विचारूच नका. घराचा मूळ रंग कोणता होता हे शोधण्यासाठी साडूंनी दाराशेजारी एका फळीवर पापुद्र्यांच्या पायऱ्या काढल्या. वरून पिवळट, खाली निळा, त्याखाली दुधी, त्याखाली पुन्हा निळा, आणि अगदी तळाशी एक हिरवा. हा हिरवा मूळचा, असं ठरलं. त्याचा नखाएवढा तुकडा काडेपेटीत घालून मला रंगाच्या दुकानात पाठवण्यात आलं. दुकानदारानं संगणकावर जुळवून दिलेला हिरवा साडूंनी उन्हात पाहिला, सावलीत पाहिला आणि फुली मारली. दुसरा हिरवा जरा मेथीकडे झुकत होता. तिसरा शेवाळाकडे. नमुने लावायला पूर्वेची भिंत घेतली होती, तिच्यावर एप्रिलपर्यंत निरनिराळ्या हिरव्यांचे एवढे चौकोन झाले की येणारे-जाणारे पर्यटक गाडी थांबवून त्याच्यापुढे फोटो काढू लागले. एका जोडप्यानं मला विचारलं की एका दिवसाचं भाडं किती आणि जेवणाचं काय. मी त्यांना आत नेऊन साडूंसमोर उभं केलं, कारण मला पाच मिनिटं बसायचं होतं. साडूंनी त्या तरुणाच्या हातात मोजपट्टीचं एक टोक दिलं आणि त्याला अर्धा तास भिंतीला लावून ठेवलं. जाताना तो थँक्यू म्हणाला. मला त्याची फार कीव आली, आणि थोडा हेवाही वाटला, कारण तो जाऊ शकत होता.

रंगारी म्हणून जवळच्या औंढ्याचे एक आबा येत. सत्तरीचे, घरचं भाताचं शेत, भात काढून झालं की पाऊस पडेपर्यंत रंगाचं काम आणि किरकोळ सुतारकाम करायचे. बांबूच्या परांचीवर ते असे बसत की खाली उतरायची गरजच नाही असं वाटावं. साडूंनी त्यांच्या आधी तीन रंगारी परत पाठवले होते. आबांच्याही कामावर फुल्या पडत, पण आबा त्याकडे बघत नसत. फुली दिसली की ते तिच्यावरून ब्रश फिरवत आणि पुढे जात. साडू काही बोलले की 'व्हय, व्हय' म्हणत आणि आपल्याला हवं तेच करत. मला वाटतं साडूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न भांडता हरवत होतं. आबांनी पहिल्याच दिवशी आपली एक अट सांगून ठेवली होती. मृगाच्या आधी त्यांना शेतात भाताचं रोप टाकायचं होतं. मे सरता सरता ते जाणार, मग काम कुठंही असो.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही पश्चिमेच्या भिंतीला हात घातला आणि तिथं साडूंच्या हातून ती गोष्ट झाली जी दुसऱ्या कुणाच्याही हातून झाली नसती. भिंत जागेवर नीट तपासता येत नाही म्हणून त्यांनी तिच्या सगळ्या फळ्या उतरवल्या. आबा नको म्हणत होते, मीही म्हणत होतो, पण मी दमलेला होतो आणि माझ्या नको म्हणण्यात जोर नव्हता. अंगणात चादरी अंथरून फळ्या ओळीनं मांडल्या. साडूंनी चष्मा पुसला, बाह्या दुमडल्या आणि पहिल्या फळीपाशी बसले. दोन दिवस त्यांची तपासणी चालली होती. टोकाशी कुजलेली, फुली. मध्ये चीर, फुली. वाळवीची जुनी नक्षी, फुली. जरा वाक आहे, फुली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उठले तेव्हा अंगणात तांबडा रंग एवढा झाला होता की लांबून लग्नाची रांगोळी वाटावी. पंच्याण्णव फळ्यांपैकी एकसष्ट नापास.

मी विचारलं की आता काय. साडू शांतपणे म्हणाले की तशाच जुन्या सागाच्या फळ्या आणायच्या, नवीन लाकूड पावसात पीळ खातं. पुढचे तीन आठवडे आम्ही जुनं लाकूड शोधत हिंडलो. पुण्याच्या जुन्या लाकडाच्या बाजारात साडू प्रत्येक फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि कान लावत. दुकानदार आधी आदरानं बघत, मग एकमेकांकडे बघत. परंदवडीला एक जुनं घर पाडतायत असं कळलं म्हणून तिकडे गेलो, तर तिथला माल पाहून साडूंनी घरमालकालाच सांगितलं की एवढ्या खराब लाकडात तुम्ही इतकी वर्षं राहिलात कसे. त्यानं आम्हाला पाणीही न विचारता वाटेला लावलं. एकही फळी मिळाली नाही. घरी पश्चिमेच्या बाजूला नुसती चौकट उभी होती, आतल्या पातळ पडद्यातून वारा शिट्टी वाजवत होता, आणि मे अर्धा झाला होता.

रविवारी रात्री मी तळेगावला परतलो की अक्का गॅलरीत बसलेली असे. 'किती झालं?' एवढंच विचारायची. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. नंतर बायकोनं डोळे मोठे केले म्हणून मी खोटं सांगायला लागलो. पश्चिमेची भिंत लागतेय, म्हणालो. रंग छान दिसतोय, म्हणालो. कोणता रंग, तिनं विचारलं. हिरवा, मी म्हणालो, आणि निदान तेवढं खोटं नव्हतं. एकदा ती म्हणाली, 'भाऊजी, पोरगी चांगली आहे, जावई चांगला आहे, तिथे मला काही कमी पडणार नाही. पण तिथे मी पाहुणी असेन हो. आणि हे तर तिकडे दोन दिवसही राहायचे नाहीत.' मी टीव्हीचा आवाज वाढवला. मला वाईट वाटलं की मी असलं काहीतरी करतो.

त्या आठवड्यात मी मधल्या वारीच लोणावळ्याला गेलो, साडूंशी भांडायचं ठरवून. दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. पण पोचलो तर आबा परांची सोडत होते. बांबूंच्या सुतळ्या कापून गुंडाळत होते. साडू नापास फळ्यांच्या ढिगाशेजारी एक डोळा मिटून बसले होते, पुन्हा तपासत होते, की एखादी चुकून नापास झाली आहे का. आबांनी सुतळीचा गुंडा खिशात घातला, साडूंसमोर येऊन उकिडवे बसले आणि अगदी सावकाश म्हणाले, "सायेब, मी उद्यापास्नं न्हाई येत. रोपाचं बघाया पायजे. पर येक इचारतो, राग मानू नका. ह्या घरात मानूस ऱ्हातंय का फळ्या?"

साडूंनी ढिगातली एक फळी हातात घेतली. आबांनी जाण्याची घाई केली नाही. मीही साडूंच्या शेजारी बसलो. मग साडू बोलले ते आमच्याकडे न बघता, हातातल्या फळीकडे बघत. "मागच्या आषाढात मी बॅटरी घेऊन पाणी कुठून येतंय त्याच्या खुणा करत होतो. तारीखवार. ही आत खोकत होती. मला वाटलं, एवढ्या खुणा झाल्या की जाऊ आत." त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला. "बेचाळीस खुणा केल्या, साडूभाऊ."

मी माझी पाठ केलेली वाक्यं विसरलो. आयुष्यभर ज्या माणसाचा मला वैताग आला, त्याच्या शेजारी मी बसलो होतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की न ठेवावा हे मला कळत नव्हतं. शेवटी नाही ठेवला. तो हात बरोबर जागी पडला नाही असं ते म्हणाले असते तर मला सहन झालं नसतं.

साडू उठले, मोरीत गेले, बादली आणि फडकं घेऊन आले आणि ढिगातली पहिली फळी पुढ्यात घेऊन तिच्यावरची फुली पुसली. खडू लाकडाच्या रेषांत गेला होता, सहज निघत नव्हता. ते घासत राहिले. दुसरी फळी घेतली. मी दुसरं फडकं आणलं. आबा थोडा वेळ बघत होते, मग म्हणाले की पुसायची गरज न्हाई, रंगाखाली कुणाला दिसतंय. साडू म्हणाले, "मला दिसेल." मग आबांनीही धोतर वर खोचलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी एकसष्ट फळ्या धुतल्या आणि उभ्या करून ठेवल्या. जाताना आबा म्हणाले, "धा दिस देतो. रोपाचं थोरल्याला सांगतो. पर मी सांगंन तसं." साडू म्हणाले, "ठीक."

पुढचे दहा दिवस आबांचं राज्य होतं. कुजलेली टोकं कापून टाकली आणि तिथं तुकडे जोडले. चिरांत लांबी ठासली. वाकड्या फळ्या वाकडेपणा खाली जाईल अशा ठोकल्या. फळ्यांच्या पाठीला जवसाचं तेल पाजलं, कडांना डांबर लावलं. रंग कोणता, हे ठरवायला वेळ नव्हता. दुकानात मी सांगितलं की मूळच्या तुकड्याशी सगळ्यात जवळचा द्या, आणि त्यानं जो दिला तो साडूंनी डबा उघडूनसुद्धा न बघता आबांकडे दिला. मी कामावरून रजा काढली होती. सकाळी कंबर धरून उठायचं, दुपारी तिच्यावर हात ठेवून जेवायचं, आणि साडू परांचीवर दुसऱ्या टोकाला ब्रश घेऊन बसलेले, डोक्याला रुमाल, गालावर हिरवा फराटा. त्यांच्या हाताखालून थेंब ओघळून खाली यायचे. ते पुसायचे आणि पुढे जायचे. अठ्ठावीस मेला दुसरा हात झाला. त्यावर आबांनी स्वतःच्या हातानं निळा कागद बांधला, आणि साडूंनी दोरीचं टोक धरलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वास उडाल्यावर, अक्का घरी आली. बॅग तिनं ओसरीवरच उघडली. पश्चिमेची भिंत बघायला ती कागदाच्या आत वाकून गेली, तळहात फिरवला आणि म्हणाली की ही फळी जरा वाकडी आहे. साडू म्हणाले, आहे. मग ती आत जाऊन चहा करायला लागली. त्या दिवसाचा चहा मला आठवतो. ओसरीवर चौघं बसलो होतो, आबांना मुद्दाम बोलावलं होतं, ते बशीत ओतून पीत होते, आणि अक्का एकसारखी बोलत होती. मला एवढं बरं वाटत होतं की मी कमरेची तक्रार केली नाही.

मग पाऊस लागला आणि भिंतीनं तो थोपवला. थेंबभर पाणी आत आलं नाही. साडू रोज फोनवर मला हे सांगत, आवाजात कौतुक नसलेलं कौतुक असे. पण लोणावळ्याचा पाऊस म्हणजे नुसतं पाणी नव्हे. जुलैत ढगच खाली उतरतो. तो दारातून येतो, खिडकीतून येतो, उघडलं नाही तर छपराच्या फटीतून येतो, आणि खोलीत माणसांबरोबर बसतो. त्याला भिंत अडवू शकत नाही, कुणाचीही, कसलीही. जुलैच्या मध्याला अक्का पुन्हा रात्रभर उशांना टेकून बसून राहू लागली. तिनं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. साडूंनी सांगितलं. त्यांनीच मुलीला फोन केला.

मी पोचलो तेव्हा भाचीची गाडी फाटकाशी उभी होती. अक्का मागच्या सीटवर, शालीत. भाची बापाला विचारत होती की बाबा, तुम्ही काय करणार, घर बघायला कुणीतरी हवं ना. ती त्यांना वाट देत होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की ते दोन दिवसही तिकडे राहणार नाहीत. साडूंनी किल्ली माझ्या हातात दिली, पिशवी डिकीत ठेवली आणि गाडीत अक्काशेजारी जाऊन बसले. भिंतीकडे पाहिलं नाही. निळा कागद एका कोपऱ्यात सुटून फडफडत होता, तोही त्यांना दिसला नसावा, किंवा दिसला असेल. गाडी गेल्यावर मी तो कोपरा बांधला आणि पावसात थोडा वेळ तसाच उभा राहिलो. कशासाठी केलं हे सगळं, असं माझ्या मनात आलं, आणि मग अक्काचे ते पाच आठवडे आठवले.

आता मी पंधरा दिवसांतून एकदा जातो, दारं उघडतो, वारा खेळवतो, बंद करून येतो. मला सवय झाली आहे. रविवार मोकळा मिळाला की काय करायचं ते मला कळत नाही, आणि हे मी बायकोला सांगितलेलं नाही. तिथं गेलो की मागून कुणीतरी येऊन माझं काम बघत नाही याची चुटपुट लागते. म्हातारपणी माणसाला काय काय आवडायला लागेल याचा नेम नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला त्यांच्याकडे गेलो होतो. दुपार होती. भाची कामावर गेलेली. अकराव्या मजल्यावर साडूंनी दार उघडलं ते इतकं हळू, की मला वाटलं कुणी आजारी आहे. त्यांच्या हातात काही नव्हतं, खांद्यावर टॉवेल होता. मला बसवून ते समोर बसले. मी सांगायला लागलो की भिंत अजून कोरडी ठणठणीत आहे, उन्हाळ्यात एक हात अजून द्यायला हवा, आबा विचारत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. दार अर्धवट उघडं होतं. अक्का एका कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं, पायांवर पातळ चादर.

"आडवी झोपते आता," साडू अगदी हळू म्हणाले. "एका उशीवर."

ते तिच्याकडे बघत राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि पुढे काही बोलले नाहीत. मी मान हलवली. चहा न घेताच उठलो, कारण भांड्यांचा आवाज झाला असता.